दीड टन पासिंग, पण माल किती? परळच्या एका मंडप व्यावसायिकाच्या गाडीखरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण परळमधील एका लहान मंडप-डेकोरेशन व्यवसायाचे आहे. व्यवसाय काका आणि पुतण्या असे दोघे मिळून चालवतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि व्यवसायाचे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांचे हिशेब पाहतो. गाडी घ्यायची ठरली तेव्हा कर्जाच्या हप्त्याची आकडेमोड करण्यासाठी त्यांनी मला बोलावले, आणि हप्त्यावरून विषय वजनावर कसा गेला ते पुढे येईलच.

त्यांची कामे तीन प्रकारची असतात: सोसायट्यांमधील पूजा आणि हळदीचे समारंभ, मीरा रोडपासून चेंबूरपर्यंतची लग्ने, आणि गणेशोत्सव. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग या शेवटच्या दहा-बारा दिवसांत होतो. गोदाम ठाण्याच्या पुढे घोडबंदर रस्त्याला असल्यामुळे मीरा रोडच्या बाजूचे काम असले की गायमुखचा चढ भरल्या गाडीने चढावा लागतो. स्वतःची गाडी एकच होती, जुना छोटा हत्ती. टाटांनी ही गाडी २००५ मध्ये बाजारात आणली तेव्हा पाऊण टन माल नेणारी चारचाकी हीच मुंबईच्या गल्लीबोळांसाठी मोठी सोय ठरली होती. काकांचा धंदा तिच्यावरच उभा राहिला. मात्र आता प्रत्येक मोठ्या कामाला भाड्याचा टेम्पो लागत होता आणि सणाच्या दिवसांत त्याचे भाडे मालक मागेल तेवढे असे.

याखेरीज त्यांच्याकडे १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर होता. तो कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेल्या दोनचाकी ट्रॉलीवर बसवलेला होता आणि भाड्याच्या टेम्पोच्या मागे हुक लावून ओढला जात असे.

अडचण

खरेदीचा विचार पक्का होण्यास अनंत चतुर्दशीची एक रात्र कारणीभूत झाली. लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या मिरवणुकीत भाड्याचा टेम्पो जनरेटरची ट्रॉली ओढत होता. मिरवणूक माणसाच्या चालीने, बऱ्याचदा त्याहूनही हळू सरकते, आणि तेवढा वेळ चालकाचा पाय अर्ध्या क्लचवर असतो. भायखळ्याच्या अलीकडेच क्लच जळल्याचा वास येऊ लागला. टेम्पो बाजूला घेऊन बोनेटखाली पाणी मारण्याचा निरर्थक प्रकारही कार्यकर्त्यांनी करून पाहिला. शेवटी वीस-पंचवीस मुलांनी ट्रॉली हाताने ढकलत पुढे नेली.

त्याच पहाटे दुसऱ्या टेम्पोने ट्रॉली गोदामाकडे नेताना पूर्व द्रुतगती मार्ग रिकामा मिळाला. वेग पन्नासच्या वर जाताच ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागली. चालकाने ब्रेक दाबण्याऐवजी पाय नुसता उचलला म्हणून निभावले. भांडुपपासून पुढे तो तिसाच्या वर गेलाच नाही, असे त्याने काकांना सांगितले.

त्यामुळे काकांचे मागणे अगदी साधे होते. गाडी स्वतःची हवी, मंडपाचे सामान एका फेरीत गेले पाहिजे आणि तीच गाडी मागे जनरेटरही ओढू शकली पाहिजे. सामान किती असते, असे मी विचारले. काका म्हणाले, “टनभर धरा.” हा टनभराचा अंदाज गेली अनेक वर्षे कोणी तपासलेला नव्हता.

काट्यावरची सकाळ

हिशेबनीसाला अंदाज आवडत नाहीत, एवढ्याच कारणाने मी वजन करून घेण्याचा आग्रह धरला. पुढच्या मोठ्या लग्नाच्या कामाला भाड्याचा टेम्पो आधी रिकामा आणि मग भरून वजनकाट्यावर नेला. लोखंडी पाइप, ट्रस, फ्लोअरिंगचे प्लायवूड, खुर्च्या, कापड आणि गालिचे मिळून १,३४० किलो भरले. टनभर म्हणता म्हणता माल त्याच्या एक तृतीयांशाने जास्त निघाला. त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि परत आलेले गालिचे आम्ही वेगळे तोलले. कोरडे असताना १३० किलो भरणारे गालिचे भिजून २७० किलो झाले होते. गणपतीत पाऊस असतोच, तेव्हा भिजलेला आकडा हाच खरा आकडा मानायला हवा होता. हे मला तेव्हा सुचले, पण मी ते पुरेशा जोराने मांडले नाही.

मग ट्रॉली तोलली. डिझेल भरलेला जनरेटर ८२० किलो आणि ट्रॉली २९० किलो, म्हणजे एकूण १,११० किलो. परंतु त्या सकाळी खरी माहिती दिली ती शेजारच्या भंगारवाल्याच्या छोट्या काट्याने. ट्रॉली सपाट जमिनीवर उभी करून तिची पुढची दांडी, जिथे हुक अडकतो ते टोक, आम्ही त्या काट्यावर टेकवली. काट्याने ३० किलो दाखवले. वर्कशॉपने जनरेटरचे जड तोंड चाकांच्या मागे बसवले होते, त्यामुळे सगळा भार मागे झुकलेला होता. ट्रॉली ओढण्याचा नेहमीचा ठोकताळा असा आहे की तिच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर पडले पाहिजे. या हिशेबाने ते किमान ११० किलो असायला हवे होते. हुकावरचे वजन फार कमी असले की मागचा भार गाडीला हलवू लागतो, आणि पूर्व द्रुतगती मार्गावर नेमके तेच घडले होते. चालकाचा त्यात दोष नव्हता.

पुतण्याने लगेच उपाय सुचवला की जनरेटर चाकांच्या पुढे सरकवून बसवावा. हेलकाव्यापुरता तो उपाय योग्यच होता, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. हुकावर पडणारे ११० किलो हे ओढणाऱ्या गाडीच्या मालातच धरावे लागतात. शिवाय हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. दोन ॲक्सलमधले, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधले, अंतर २.६ मीटर आणि हुक मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे धरला, तर ११० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे १५२ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून ४२ किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. हे गणित मी कागदावर मांडले तेव्हा काका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ट्रॉली मागे आहे, पण बसते ती गाडीच्याच पाठीवर.”

अमेरिकेतले आकडे

या टप्प्यावर चर्चेला एक फाटा फुटला. पुतण्या अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ पाहतो आणि त्याचे म्हणणे होते की तिकडे पिकअप सहा-सहा टन ओढतात, मग आपल्याला टनभर ओढायला काय हरकत आहे? प्रश्न बालिश नव्हता, म्हणून आम्ही तो नीट तपासला.

फोर्डच्या २०२१ च्या एफ-१५० पिकअपची जाहीर केलेली कमाल ओढक्षमता १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो आहे, आणि कमाल भारक्षमता ३,३२५ पौंड, म्हणजे सुमारे १,५०८ किलो आहे. परंतु हे दोन्ही कमाल आकडे एकाच गाडीचे नाहीत. पहिला ३.५ लिटरच्या टर्बो व्ही-६ इंजिनाच्या गाडीचा आहे आणि दुसरा ५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या. त्यातही ओढक्षमतेचे आकडे ज्या जे-२८०७ या चाचणीवर आधारलेले असतात, त्या चाचणीत गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढेच धरलेले असतात. त्याहून जास्त माणसे किंवा सामान गाडीत आले की ओढता येणारे वजन तेवढे उतरते. म्हणूनच तिकडे प्रत्येक गाडीच्या चालकाच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते आणि त्या विशिष्ट गाडीत माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर लिहिलेले असते.

आम्हाला मात्र सर्वांत बोलका वाटला तो दीड टनाचा योगायोग. एफ-१५० ची कमाल भारक्षमता जेवढी, जवळपास तेवढीच आपल्याकडच्या टाटा इंट्रा व्ही-५० किंवा अशोक लेलँड दोस्त प्लसची. पण इंट्रा व्ही-५० चे इंजिन दीड लिटरचे आणि ८० अश्वशक्तीचे आहे, तर सहा टन ओढणाऱ्या त्या फोर्डचे ४०० अश्वशक्तीचे. शिवाय ती अमेरिकन गाडी रिकामीच दोन टनांच्या आसपास असते. पाठीवर सारखेच वजन घेणाऱ्या या दोन गाड्यांच्या ओढण्याच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पाठीवरचा माल पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), ॲक्सल आणि टायर पेलतात, तर मागचा भार इंजिन, क्लच, ब्रेक आणि गाडीचे स्वतःचे वजन यांच्यावर येतो. आपल्याकडच्या या गाड्या माल पाठीवर घेण्यासाठी बनवल्या आहेत. आम्ही जी माहितीपत्रके गोळा केली, त्यांतल्या एकातही ओढक्षमतेची ओळ नव्हती.

समोरचे पर्याय

पुतण्याची पहिली पसंती दुहेरी केबिनची, चारही चाकांना ताकद देणारी पिकअप होती. ती लवकर बाद झाली. केबिन लांबली की हौदा आखूड होतो आणि मंडपाचे दहा फुटी पाइप त्यात बसत नाहीत. मालाची लांबी किंवा उंची मर्यादेबाहेर गेली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी वीस हजारांचा दंड आहे.

सव्वा टनाच्या आसपासचा वर्ग १,३४० किलोंच्या आकड्यानेच बाद केला. मग खरी तुलना दीड टन आणि १.७ टन यांच्यात उरली. १.७ टनांची गाडी मालाच्या दृष्टीने मोकळी होती, पण तिचे भरलेले एकूण वजन ३,००० किलोंच्या पुढे जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही आणि त्यावरच्या गाडीला लागते. काकांना परमिटच्या फेऱ्यांचा जुना कंटाळा आहे. दीड टनाच्या ज्या गाडीवर आमचे लक्ष होते, तिचे एकूण वजन २,९४० किलो होते, म्हणजे रेषेच्या आत. मला वाटते, या साठ किलोंच्या सोयीने निर्णयावर अवाजवी प्रभाव टाकला. परमिटचे काम काही वर्षांतून एकदा करावे लागते, मालाचे वजन मात्र प्रत्येक फेरीला असते.

सीएनजीचाही विचार झाला, कारण मुंबईत ते स्वस्त पडते. पण टाक्यांचे वजन मालातूनच वजा होते. मारुतीच्या सुपर कॅरीचेच पाहिले तर पेट्रोलवर ७४० किलो आणि सीएनजीवर ६२५ किलो अशी भारक्षमता आहे. आधीच काठावर असलेल्या हिशेबात हे परवडणारे नव्हते, म्हणून डिझेल ठरले.

चालकाचा प्रश्न अनायासे सुटला. त्यांच्याकडच्या मुलाकडे हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना होता. ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी त्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

ओढण्याचे काय?

ट्रॉलीबाबत आम्ही विक्रेत्याला सरळ विचारले. तो म्हणाला, “सगळे ओढतात, काही होत नाही.” हेच लेखी द्या, असे काकांनी सांगताच त्याने चहा मागवला आणि विषय ॲक्सेसरीजवर नेला. माझ्या मते या प्रकरणातला ट्रॉलीचा निर्णय त्या क्षणीच झाला.

उरलेले दोन मुद्देही ट्रॉलीच्या विरोधातच होते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. वर्कशॉपमध्ये जोडलेल्या या ट्रॉलीला कसलेही कागद नव्हते आणि तिच्यामुळे अपघात झाला असता तर विम्याची काय गत झाली असती ते सांगायला नको. दुसरे म्हणजे ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. पूर्ण भरलेली २,९४० किलोंची गाडी आणि मागे चाकांवर उरलेले सुमारे हजार किलो मिळून जवळजवळ चार टन होतात. म्हणजे गाडीचे ब्रेक ज्या वजनासाठी आहेत, त्याहून एक तृतीयांश जास्त वजन गायमुखच्या उतारावर त्यांनी थांबवायचे. काका म्हणाले, “चढताना क्लच जळेल, तो बदलता येईल. उतरताना काय जळेल ते मला बघायचे नाही.”

कृती

दीड टनाची डिझेल गाडी घेतली. ट्रॉलीला हुक लावायचा नाही, जनरेटर गरजेनुसार हौद्यातच न्यायचा आणि त्या दिवशी सामानाला भाड्याचा टेम्पो करायचा, असे ठरले. ८२० किलोंचा जनरेटर ट्रॉलीवरून काढून लोखंडी चौकटीवर घट्ट बसवला. तो चढवण्यासाठी गोदामात तुळईला चेन-पुली टांगली. चौकट मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे येईल अशा खुणा हौद्यात रंगाने केल्या, कारण फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, टेकवून ठेवलेला जनरेटरही हुकावरच्या वजनासारखाच पुढची चाके हलकी करतो. कामाच्या जागी जनरेटर खाली उतरवत नाहीत. गाडी उभी करून हौद्यातूनच चालवतात आणि केबल बाहेर ओढतात.

जुना छोटा हत्ती विकून नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला हातभार लावायचा बेत होता. तो मी लांबणीवर टाकायला सांगितले. या प्रकरणातला माझा एवढाच सल्ला निर्विवाद बरोबर ठरला.

पहिल्या फेऱ्या

चूक घडली ती बॉडीत. गाडी घेतल्यावर काकांनी नेहमीच्या कारागिराकडून हौद्यावर लोखंडी जाळीचा उंच पिंजरा, वर छत आणि मागे शिडी बसवून घेतली. वजन किती वाढेल, असे विचारल्यावर “साठ-सत्तर किलो” असे उत्तर मिळाले आणि आम्ही ते मान्य केले. टनभराच्या अंदाजाने एकदा फसलेल्या माणसांनी दुसरा अंदाज इतक्या सहज का स्वीकारला, याचे उत्तर माझ्याकडे नाही. बहुधा गाडी दारात उभी होती आणि लग्नाची तारीख जवळ आली होती, एवढेच.

पहिल्या भरल्या फेरीआधी मी पुन्हा काट्याचा आग्रह धरला. कागदांवर रिकाम्या गाडीचे वजन १,४४० किलो होते. पिंजऱ्यासह आणि भरलेल्या टाकीसह ते १,५६५ भरले. चालक आणि एक मदतनीस बसल्यावर १,७०५ झाले. २,९४० मधून ते वजा केले की मालाला उरतात १,२३५ किलो, आणि आमचा माल होता १,३४०. दीड टन पासिंगच्या, म्हणजे कागदावर दीड टन माल नेणाऱ्या गाडीत टनभराचे म्हणवले जाणारे सामान १०५ किलोंनी जास्त होत होते. गालिचे भिजलेले असते तर २४५ किलोंनी.

पुतण्याचे मत होते की शंभर किलोंना कोण विचारतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मधली दंडाची रचना मात्र वेगळी आहे. जादा वजनाला आधी वीस हजार रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचा. म्हणजे दंडाचा मोठा भाग पहिल्याच जादा वजनावर लागतो, पुढच्या टनांचा भाग किरकोळ. शिवाय पाटे वाढवून घेतले की वजन चालते, हा त्याचा पुढचा मुद्दाही खरा नाही. पाटा वाढवल्याने गाडी खाली बसत नाही, पण ब्रेक, टायर आणि कागदावरचे एकूण वजन पूर्वी होते तेच राहते.

उपाय दोन झाले. पिंजऱ्याचे छत कापून काढले. त्याने ४० किलो कमी झाले आणि मालाची जागा १,२७५ किलोंवर आली. पावसासाठी ताडपत्री पुरेशी होती. गालिच्यांची १३० किलोंची गठडी छोट्या हत्तीत टाकायची ठरली, त्यामुळे नव्या गाडीत १,२१० किलो उरले. म्हणजे ६५ किलोंचे मोकळे अंतर राहिले. गालिचे भिजले तरी ते आता दुसऱ्या गाडीचे वजन होते. याची किंमत अशी की मोठ्या कामाला दोन गाड्या आणि दोन चालक लागतात. एका फेरीत काम होईल, ही काकांची मूळ अपेक्षा पूर्ण झाली नाही.

पुढच्या अनंत चतुर्दशीला जनरेटर हौद्यात होता. माणसे धरून गाडीचे वजन सुमारे अडीच टन होते, मर्यादेच्या बरेच आत. क्लचवर ताण आलाच, कारण मिरवणुकीची चाल बदलत नाही. मात्र दर थांब्याला गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक लावायचा आणि कार्यकर्त्यांनी हात केला तरच पुढे सरकायचे, हे चालकाने ठरवून पाळले. वाटेत एका मंडळाच्या मुलांनी त्यांची स्पीकरची ट्रॉली मागे अडकवण्याचा आग्रह धरला. गाडीला हुक लावलेलाच नसल्यामुळे वाद वाढला नाही.

वेगळे काय करता आले असते

गाडी ठरवण्यापूर्वी मालाचे वजन केले, पण बॉडीचे गृहीत धरले, हा क्रम चुकला. कारागिराकडून लोखंडाची मापे आणि गेज, म्हणजे जाडी, लिहून घेतले असते तर पिंजऱ्याचे वजन कागदावरच काढता आले असते. मग १.७ टनांचा पर्याय परमिटच्या कटकटीसह पुन्हा विचारात आला असता. माझ्या मते तोच योग्य ठरला असता, कारण त्यात निदान कोरडे सामान तरी एकाच गाडीत मावले असते. काका हे मान्य करत नाहीत. त्यांच्या हिशेबात छोटा हत्ती हातात राहिला, तो लहान पूजांना एकटा जातो आणि मोठी गाडी गल्लीत अडकत नाही. या मतभेदाचा निकाल हप्ते संपेपर्यंत तरी लागणार नाही.

ट्रॉली अजून गोदामाच्या कोपऱ्यात उभी आहे. तिच्यावर खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. कल्याणच्या एकाने ती विकत मागितली, तेव्हा पुतण्याने आधी जनरेटर असताना तिच्या दांडीने भंगारवाल्याच्या काट्यावर दाखवलेला ३० चा आकडा त्याला सांगितला आणि मग किंमत सांगितली. गिऱ्हाईक विचार करून कळवतो म्हणून गेले आहे.